मालकाच्या नावाचा रकाना

बनशंकरी दुसरा टप्पा, बेंगळूर
१२ जून १९९८

ती. अक्कास,

राजीचा नमस्कार, आणि आमच्या आशूला पाप्या.

तुझं पत्र पोचलं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत नागनाथकाकांच्या कारखान्याच्या पत्त्यावर आलं, म्हणून अप्पांच्या हाती लागलं नाही. नागनाथकाकांनी मशिनीच्या कागदांबरोबर ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "काय गं, बहिणीची पत्रं चोरून मागवायची वेळ आली?" मी हसण्यावारी नेलं. मग कारखान्याच्या शेडमागे उभी राहून वाचलं, आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

अक्का, आईचाच आजार! आणि तू लिहितेस किती सहज. "लहानशी गाठ आहे, काढून टाकतील, मग वर्षभर औषधं." जशी काही अक्कलदाढच काढायची आहे. मी तिथे उभ्या उभ्याच ठरवलं की मी येणार. पाहुणी म्हणून नव्हे. पाहुण्यांना तीन महिन्यांचा शिक्का मिळतो, आणि तुझी औषधं वर्षभर चालायची. भावोजी महिन्यातले निम्मे दिवस मशिनी बसवायला गावोगाव फिरतात. त्यांनी नोकरी सोडली तर तुमचा जर्मनीतला मुक्कामच संपला. मग आशूची वेणी कोण घालणार? तुला दवाखान्यातून घरी कोण आणणार? शेजारीण चांगली आहे म्हणतेस, पण शेजारणीला माणूस किती सांगणार?

तेव्हा मी लांब मुदतीचा व्हिसा मागते आहे. स्वतःचा धंदा करणारी बाई आपलं काम बरोबर घेऊन तिकडे राहायला येते आहे, असा. जर्मन मशिनींची पुस्तकं इंग्रजीत करायला मला लागतं काय? एक संगणक, एक फोनची तार आणि माझं डोकं. पीण्याचे कारखाने झाले काय, तुमच्याकडच्या त्या दोन कंपन्या झाल्या काय, कुणीही आजवर माझं तोंड पाहिलेलं नाही, नागनाथकाका सोडले तर. मी बनशंकरीत बसले आहे की कासेलमध्ये, त्यांना काय फरक पडतो?

फरक पडतो तो फॉर्मला. त्यात एक रकाना आहे, "मालकाचं नाव व पत्ता". मी लिहिलं, "स्वतः". फॉर्म टाइप करून देणारा माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, मालक नाही म्हणजे काम नाही. स्वल्प विचार करा, एखाद्या कंपनीचं नाव टाका." मी म्हटलं, खोटं कशाला? त्यानं मान हलवली, "सरी, ठीक आहे," म्हणाला आणि "स्वतः" टाइप केलं.

अप्पांना तुझं काही सांगितलेलं नाही, तू शपथ घातलीस म्हणून. माझी भाषा पक्की करायला जाते आहे असं सांगितलंय. त्यांचं सुरू झालं, "शहाजीराजांबरोबर आलेलं घर आपलं. आपल्या मुली दुसऱ्याच्या दारात वर्ष वर्ष राहत नाहीत." मी म्हटलं, अप्पा, ते दार अक्काचं आहे. तर म्हणाले, "जावयाचं आहे."

ई-मेल करू नकोस, ती भावोजींच्या ऑफिसातून जाते आणि मराठी अक्षरं तिला येत नाहीत. पत्रच लिही.

तुझी,
राजी


कासेल
२८ जून १९९८

चि. राजीस अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, मी तुला बोलावलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. पण तुझं पत्र वाचून स्वयंपाकघरात बसून रडले, ते दुःखानं नव्हे. आशू म्हणाली, "मावशी येणार म्हणून कुणी रडतं का?" तिनं तुझ्यासाठी आपल्या खोलीत जागा केली आहे. म्हणजे बाहुल्या पलंगाखाली ढकलल्या आहेत.

घाबरू नकोस. शस्त्रक्रिया सप्टेंबरात आहे, अजून भरपूर वेळ आहे. इथले डॉक्टर सगळं चित्र काढून समजावून सांगतात. मी घरात हिंडतेफिरते, स्वयंपाक करते, तुला वाटतं तसं काही नाही.

अप्पांना सांगायचं नाही म्हणजे नाही. आई गेल्यावर काय झालं होतं, आठवतं ना? कित्येक महिने तिचं ताट वाढायला लावत होते. ते ताट तू उचलत होतीस, मी तर लग्न होऊन निघून गेले होते. आता या वयात त्याच आजाराचं नाव पुन्हा त्यांच्या कानावर घालायचं? रविवारी मी फोन करते तेव्हा ते पहिल्याच घंटेला उचलतात. "वसू, जेवलीस?" हेच विचारतात. त्यांचं ते तेवढं सुख राहू दे.

आणि तुझ्या रकान्याचं. "स्वतः" लिहिलंस ते बरोबर केलंस. इथे स्वतःचा धंदा करणारे पुष्कळ आहेत, कुणाला नवल वाटत नाही. कागद चेन्नईहून आमच्या गावच्या कचेरीत येतील, तिथून होकार गेला की झालं. तू फक्त तिथल्या साहेबांशी वाद घालू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

येताना मेतकूट आण. व्हिसा नाही मिळाला तर नुसतं मेतकूट पाठव.

तुझी,
अक्का


बेंगळूर
२१ जुलै १९९८

ती. अक्कास,

वाद घातला नाही! हे आधी सांगते, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

पहाटेच्या गाडीनं चेन्नईला जर्मन वकिलातीत गेले. खिडकीपलीकडे चष्मा लावलेल्या एक तमिळ बाई, आणि त्यांच्या मागे एक उंच गोरे साहेब. मी नागनाथकाकांचं पत्र दिलं, तुमच्याकडच्या दोन्ही कंपन्यांची पत्रं दिली, मी केलेली पुस्तकं दाखवली. साहेबांनी एक पुस्तक उघडलं, वाचलं आणि म्हणाले, हे जर्मनपेक्षा इंग्रजीतच जास्त कळतं. मला वाटलं, जिंकले.

पण बाईंचं बोट त्या रकान्यावरच. "तुमचा मालक कोण?" मी म्हटलं, मीच. "ऑफिस कुठे?" घरातली मागची खोली. "हजेरी कोण घेतं?" अक्का, मी काय सांगणार? सांगितलं की हजेरी कुणी घेत नाही, पण मशीनचं पुस्तक चुकलं तर एखाद्याचा हात जातो, म्हणून मीच स्वतःवर डोळा ठेवते. साहेबांनी मान हलवली. बाई म्हणाल्या, "आम्ही तुमच्या घरी फोन करून खात्री करू. घरातलं जबाबदार माणूस बोललं तरी चालेल."

त्या दिवसापासून माझी काय दशा झाली सांगू! मोडेम लावला की फोन अडकतो. म्हणून दिवसभर मोडेम बंद, फोन मोकळा, आणि मी त्याच्यापुढे राखण करत बसलेली. काम तुंबलं. दूधवाल्यानं बेल वाजवली तरी मी फोनकडे धावायची. देवाधर्माचं मला विशेष नाही हे तुला माहीत आहे, पण मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाच्या फोडींचे दिवे लावून आले. शेजारच्या बाईनं विचारलं, "लग्नासाठी का?" मी म्हटलं, हो, मालक मिळत नाही.

आणि फोन आला तो नेमका मी नसताना. नागनाथकाकांची नवी ग्राइंडिंग मशीन अडली, कामगार खोळंबले, मला पीण्याला जावंच लागलं. परत आले तर अप्पा व्हरांड्यात खुशीत बसलेले. "पुट्टी, तुझ्या चेन्नईच्या बाईंचा फोन आला होता. मी सगळं व्यवस्थित सांगितलं. आपल्या घराण्याचं सांगितलं. काही काळजी करू नको." मी विचारलं, नक्की काय सांगितलं? तर म्हणाले, "जे सांगायला पाहिजे ते. त्या बाई दोन वेळा थँक यू म्हणाल्या."

मी जायला त्यांचा एवढा विरोध होता, आणि आता तेच माझ्यासाठी बोलले. मला भरूनच आलं. अप्पांना इंग्रजीत बोलताना तू ऐकलंयस ना, समोरचा उठून उभाच राहतो. मला वाटतं काम झालं.

तू कशी आहेस? मागच्या रविवारी फोनवर तुझा आवाज खोल गेलेला वाटला. अप्पा म्हणाले, लाइन खराब होती.

राजी


कासेल
६ ऑगस्ट

चि. राजी,

घाईत लिहिते आहे, अक्षराकडे बघू नकोस. आशूची शाळा सुरू व्हायची आहे, दप्तर, चपला, सगळी धांदल.

अप्पा बोलले हे वाचून बरं वाटलं. व्हिसाचं काही कळलं का? लगेच कळव. घाई आहे असं नाही. पण कळव.

तारखा थोड्या पुढेमागे होतील असं डॉक्टर म्हणतात. विशेष काही नाही.

अक्का


बेंगळूर
२४ ऑगस्ट १९९८

अक्का,

नमस्कार वगैरे राहू दे. नकार आला आहे.

एकच कागद आहे. अर्ज तूर्त नामंजूर, फेरविचार हवा असेल तर महिन्याच्या आत खुलासा करा. आणि कारण काय? "अर्जदार कोणताही व्यवसाय करत नसल्याचं तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं."

मी तो कागद तीनदा वाचला आणि अप्पांच्या पुढ्यात धरला. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय की. हेच सांगितलं मी."

"का सांगितलंत अप्पा?"

"का म्हणजे? त्या लोकांना भीती कशाची असते? इथली माणसं तिकडे जाऊन त्यांच्या नोकऱ्या खातात याची. म्हणून सांगितलं, आमची मुलगी काम करत नाही. तिला गरजच नाही. आमच्या घरच्या बायका पोटासाठी कमवायला जात नाहीत. खातंपितं घर आहे, वर्षभर बहिणीकडे राहील आणि परत येईल. याहून चांगलं काय सांगायचं?"

अक्का, त्यांच्या तोंडावर एवढा भाबडेपणा होता की मला ओरडताही येईना. तरी ओरडलेच. म्हटलं, "मग हे घर कशावर चालतं?"

"देवाच्या दयेनं," म्हणाले.

तुला इथली रीत ठाऊक नाही, तू गेल्यानंतरची आहे. अप्पांचा पीण्यातला कारखाना बंद पडला तेव्हापासून माझी कमाई आली की मी ती देवघरात आईच्या पितळी डब्यात ठेवते. आधी देवापुढे, मग घरात, आईनं घातलेली शिस्त. आणि मग अप्पा तो डबा उघडतात, महिन्याचा खर्च काढून माझ्या हातात देतात आणि वर सांगतात, "जपून खर्च कर." माझेच पैसे मला! मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्यांचा ताठा राहतो, माझं काय जातं, असं वाटायचं. आता कळलं काय जातं. देवापुढे ठेवता ठेवता माझं कामच त्यांना दिसेनासं झालं. मागच्या खोलीत मी दार लावून काय करते असं त्यांना वाटतं, देव जाणे. बहुतेक टायपिंग शिकत असेन.

तुझं नाव तोंडाशी आलं होतं. "अप्पा, अक्का आजारी आहे," एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. गिळून टाकलं. पण आता मला शपथेतून मोकळं कर. फोन आला तेव्हा त्यांना तुझं आजारपण माहीत असतं, तर ते शहाजीराजांपासून सुरू झाले असते का? आपण त्यांना अंधारात ठेवलं आणि त्यांनी अंधारातच उत्तर दिलं.

आणि दुसरं. तुझं सहा तारखेचं पत्र मी सगळ्या जुन्या पत्रांशेजारी ठेवून पाहिलं. ही घाई नाही, अक्का. तुझी घाई मी ओळखते, तू घाईत वेलांट्या विसरतेस. इथे वेलांट्या सगळ्या आहेत, पण प्रत्येक ओळ खाली घसरली आहे. काय झालंय? मला खरं सांग. मी हात जोडते.

राजी


कासेल
५ सप्टेंबर १९९८

चि. राजी,

हे पत्र मी सांगते आहे आणि त्रिविक्रम लिहितो आहे, हो, तुझे भावोजीच. त्याच्या शुद्धलेखनाला हसू नकोस.

शस्त्रक्रिया जुलैतच झाली. सप्टेंबर म्हणून मी तुला सांगितलं होतं ते खोटं होतं. गाठ लहान नव्हती आणि डॉक्टरांना थांबायचं नव्हतं. तुला खरं सांगितलं असतं तर तू व्हिसाच्या खिडकीत जाऊन भांडली असतीस, म्हणून नाही सांगितलं. ज्या रविवारी माझा आवाज खोल वाटला, तो फोन मी दवाखान्यातून केला होता. अप्पांनी विचारलं, "जेवलीस?" मी म्हटलं, "हो अप्पा, वरणभात." नाकात नळी होती.

उजव्या बाजूचं काढलं. बगलेतलंही काढलं, त्यामुळे उजवा हात सुजतो. ऑगस्टचं पत्र त्या हातानं लिहिलं, दोन दिवस लागले. म्हणून ओळी घसरल्या. तू पकडशील हे वाटलंच होतं, आणि पकडावंस असंही वाटत होतं.

आता मोठी औषधं सुरू होतील. केस जातील म्हणाले. ते जाऊ देत. पण राजी, मला फार भीती वाटते. आईच्या वेळी तिच्या उशाशी तू होतीस, मी नव्हते. तिला शेवटी काय होत होतं हे मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही नाही. त्रिविक्रम उद्यापासून बारा दिवस बाहेर आहे. सकाळी आशू खुर्ची ओढून ओट्यापाशी उभी राहते आणि स्वतःच्या ब्रेडला लोणी लावते. माझ्यासाठीही एक करते. स्वतःची वेणी तिला येत नाही, मला एका हातानं घालता येत नाही. म्हणून परवा शेजारणीकडून तिचे केस आखूड कापून घेतले. ती आरशात बघून नुसती "छान" म्हणाली. त्या "छान"नं माझं काळीज फाटलं.

तू ये. मागे मी म्हटलं होतं की मी बोलावलं नाही. आता बोलावते.

अप्पांना सांग. माझी शपथ सुटली. पण ते जेवल्यावर सांग, उपाशी पोटी नको.

अक्का

(मेहुणी नव्हे, बहीण मानून लिहितो. ती रात्री रडते आणि दिवसा मला सांगते की सर्दी झाली आहे. लवकर या. त्रिविक्रम.)


बेंगळूर
१६ सप्टेंबर १९९८

ती. अक्कास,

सांगितलं. जेवण झाल्यावर सांगितलं.

मला वाटलं होतं ते कोसळतील. डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला होता, नागनाथकाकांना घरीच थांबवून घेतलं होतं. अप्पा उठले. हात धुऊन येऊन पुन्हा पाटावर बसले, रिकाम्या ताटापुढे. मग एवढंच विचारलं, "त्या दिवशी वरणभात म्हणाली ती. खोटं?" मी मान हलवली.

"आणि मी त्या बाईला सांगितलं, तुला काम नाही."

मी म्हटलं, अप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी हात वर केला. म्हणजे पुरे.

मग उठून आतल्या खोलीत गेले. नागनाथकाका आणि मी एकमेकांकडे बघतोय. शेवटी मी दार ढकललं, तर अप्पा पेटीतून आपला कारखान्याच्या उद्घाटनाचा काळा कोट काढून झटकत होते. डांबरगोळ्यांचा वास घरभर.

"चेन्नईची गाडी किती वाजता असते?" म्हणाले.

मला त्यांना नेण्याची भीती वाटते, अक्का. तिथेही शहाजीराजे काढले तर? खुलाशाची मुदत थोडीच उरली आहे, दुसरी संधी मिळणार नाही. पण नको कशी म्हणू? उद्या निघतो आहोत. तुझी बनशंकरी पाठीशी असो.

राजी


बनशंकरी, बेंगळूर
३० ऑक्टोबर १९९८

चि. सौ. वसुमतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आजवर मी तुला राजीच्या पत्राखाली दोन ओळी लिहीत आलो. हे पत्र सबंध माझं आहे. राजीला लिहायला वेळ नाही, त्याचं कारण पुढे येईलच. क्रमाने सांगतो.

चेन्नईला गेलो. राजीनं गाडीत मला चार वेळा बजावलं की अप्पा, घराण्याचं काही बोलू नका. मी बोललो नाही. खिडकीतल्या बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "सर, फोनवर तुम्हीच म्हणालात, ही काम करत नाही. आज म्हणता, करते. कोणतं खरं धरू?"

वसू, कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांपुढे उभा राहिलो होतो, तेव्हाही माझी जीभ एवढी जड झाली नव्हती. मागच्या रांगेत आपल्याच बेंगळूरची माणसं होती. एक तर आपल्या देवळाच्या कमिटीवरचा होता. बाईंनी पुन्हा विचारलं, "तुमचं घर कोण चालवतं?"

मी म्हटलं, "ही. माझा कारखाना बंद झाला, तेव्हापासून हीच चालवते. मी हिच्या अन्नावर आहे. फोनवर मी खोटं बोललो, कारण हे मी घरातसुद्धा कधी बोललो नव्हतो."

मागचे गोरे साहेब उठून पुढे आले. त्यांनी मला खुर्ची दिली. बाईंनी मी बोललो ते टाइप केलं, मी सही केली. राजी माझ्याकडे बघत नव्हती, छताकडे बघत होती. तिला रडू आवरायचं असलं की ती लहानपणापासून तसंच करते.

त्यानंतर कागद तुझ्या गावी गेले आणि आम्ही वाट पाहत बसलो. ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही. तुझं औषध सुरू झालं, केस गेले, हे तू आता रविवारी मला सरळ सांगतेस. ऐकवत नाही, पण सांगत जा. तू आधी सांगितलं नाहीस याचा मला राग आला होता. मग वाटलं, वाईट असेल ते झाकून ठेवायचं आणि वरून बरं दाखवायचं, हे या घरात तुम्हाला शिकवलं कुणी?

परवा पासपोर्ट आला. आत एक वर्षाचा शिक्का आहे. राजीनं तो उघडून माझ्या हातात दिला. मी तो देवापुढे ठेवायला निघालो होतो. मग थांबलो आणि तिलाच परत दिला. म्हटलं, पुट्टी, हे तुझं आहे, तुझ्याजवळच राहू दे. येत्या शुक्रवारी ती विमानात बसेल. मेतकूट मी स्वतः दळून आणलं आहे. आशूचे केस पुन्हा वाढेपर्यंत मावशी तिथे आहे, हे तिला सांग.

आता माझं. राजी तिकडे गेली तरी पीण्याचे कारखाने इकडेच आहेत. कागद नागनाथ इथे आणून देणार, ते यंत्रातून काढून तिला पाठवायला कुणीतरी हवं. म्हणून तिनं मला मोडेम शिकवला. तो आधी किंचाळतो, मग गप्प बसतो. गप्प बसला की लागला समजायचं. पहिल्या दिवशी मी एक कागद उलटा पाठवला, तर केवढी ओरडली माझ्यावर. माझ्या कारखान्यात मीही असाच ओरडत असे.

काल शेजारचे पद्मनाभ फाटकाशी उभे होते. आमचा फोन लागत नाही म्हणून तक्रार करत होते. मी म्हटलं, दुपारी लागायचा नाही, मी कामात असतो.

"कामात? या वयात? कुणाकडे लागलात, शंभूराजराव?"

मी म्हटलं, "राजलक्ष्मीकडे."

औषध वेळेवर घे. हात दुखत असेल तर उत्तर लिहू नकोस, आशूला चार रेघोट्या ओढायला सांग, मी समजेन.

तुझा,
अप्पा